मदत हवी आहे: तीन सिलिंडरच्या आउटबोर्डचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ)

पानशेतच्या बोटीसाठी जुनं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) घेतलंय. डायल गेजने एक नंबर सिलिंडरचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) काढला, पॉइंटर बरोबर जुळतो. टायमिंग लाइट (ठिणगी पडताच चमकणारा दिवा) लावली की एक नंबरची खूणही जागेवर दिसते. बाकीच्यांसाठी फ्लायव्हीलवर १२०-१२० अंशांवर खडूने खुणा केल्या. दोन नंबर ठीक, तीन मात्र चारेक अंश मागे. ट्रिगर कॉइल (ठिणगीचा इशारा देणारी) गेली समजू की पॉवर पॅक (ठिणगीसाठी वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा)? नाना पेठेतले मेकॅनिक आरएक्स १०० चं टायमिंग डोळे मिटून लावतील, पण हे बघितलं की हात वर करतात.

शिवाय फुल थ्रॉटलचं टायमिंग स्पार्क प्लग काढून, नुसतं स्टार्टरवर फिरवून तपासलेलं चालतं, की पाण्यात लोडवरच बघायचं? पाण्याच्या ड्रममध्ये पूर्ण रेस द्यायची माझी तरी हिंमत नाही. पुण्यात कुणाकडे टेस्ट टँक आहे का?