सातारा आठवून बघा

‘नेत्याने पक्ष बदलला तरी मतदाराला काही फरक पडत नाही’ असं म्हणतात, ते सरसकट पटत नाही. २०१९ च्या लोकसभेला उदयनराजे भोसले साताऱ्यातून राष्ट्रवादीच्या तिकिटावर सव्वा लाखाच्या फरकाने निवडून आले. काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून ८० हजारांहून जास्त मतांनी पडले. शरद पवारांची भर पावसातली सभा याच निवडणुकीतली. छत्रपतींच्या घराण्याची थोरली पाती, साताऱ्याची गादी, सगळं तेच होतं. तरी लोकांनी पाडलंच.

आता गंमत बघा. २०२४ ला तेच उदयनराजे भाजपकडूनच सुमारे ३२ हजारांनी जिंकले. म्हणजे राग पाच वर्षं टिकत नाही, असं म्हणता येईल. पण त्याच निवडणुकीत पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, आणि पवारांच्या पक्षाचे उमेदवार शशिकांत शिंदेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे मिळतंजुळतंच. त्यातली किती चुकून पडली ते कोण सांगणार? सगळीच चुकून पडली नसणार, हे नक्की.

मतदानाच्या मशीनवर (ईव्हीएम) संशय घेणाऱ्यांना एवढंच विचारतो, हे चिन्हांचं प्रकरण तुम्हाला त्याहून गंभीर वाटत नाही का? मशीनसाठी निदान विधानसभा क्षेत्रागणिक पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कोणत्या चिन्हाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या, मोजतात. ती पद्धत अपुरी म्हणा हवं तर, मीही म्हणतो. पिपाणीवर गेलेलं मत मात्र चिठ्ठीवरही पिपाणीच दाखवतं.