अख्खा विषय शेवटच्या तीन तासांवर का?

मी दुसऱ्या वर्षाला आहे. संख्याशास्त्राचे सगळे गृहपाठ वेळेवर दिले, प्रकल्पासाठी रात्री जागले. पण 70 टक्के गुण शेवटच्या पेपरला. त्यात बेजचं प्रमेय (नवी माहिती मिळाल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता किती बदलते ते काढायचं सूत्र) आलं, घरी तीनदा सोडवलेलं, आणि पहिल्या ओळीनंतर हात थांबला. मग वर्षभराच्या कामाला किंमत काय?

उत्तर 1
एक विचारते, रागावू नकोस. घरी सोडवताना वही समोर उघडी होती का? मी बारा वर्षं हाच विषय शिकवते आणि उत्तरपत्रिकांत नेमकं हेच दिसतं: सूत्र बरोबर, पण छेदात काय घ्यायचं तिथे खाडाखोड. वाचून कळलेलं आणि स्वतःला आठवलेलं यात फार अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवडाभरानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून मला परीक्षा हवी, पण दर पंधरवड्याला, छोटी, चुका लगेच दाखवणारी. एकाच पेपरवर 70 टक्के टाकणं मलाही अन्यायाचं वाटतं. त्या दिवशी ताप असला तर?

उत्तर 2
प्रकल्पाला जास्त गुण हवेत हे खरं, पण आमच्या गटात चौघांचं काम दोघांनी केलं आणि गुण सगळ्यांना सारखे. पेपर निदान ज्याचा त्याचा असतो.

प्रश्नकर्ती
हो, वही उघडीच होती. आज कोऱ्या कागदावर करून बघते.