झेनला मोठ्या गाडीचे कॅलिपर बसवावेत का? घाटात ब्रेक सोडतात (सातारा)

घाटवाट:
नमस्कार मंडळी. मी शाहूपुरीत राहतो. घरात १९९८ ची मारुती झेन आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय नाही. गेल्या रविवारी आम्ही पाचजण पाचगणीहून उतरत होतो. पसरणी घाट निम्मा उतरला आणि ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा पकड आली. वाईत महागणपतीपाशी गाडी लावली तर पुढून करपल्याचा वास. आई एक शब्द बोलली नाही, पण दाराचं हँडल तिनं वाईपर्यंत सोडलं नव्हतं.

ओळखीचा मिस्त्री म्हणतो, मारुतीच्याच एस्टीमचे नाहीतर स्विफ्टचे कॅलिपर (पॅडनं डिस्क चिमटीत धरणारा भाग) आणि डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) भंगारातून आणू, एका दिवसात बसवून देतो. कुणी केलंय का असं? काय काय बघावं लागतं?

कृष्णाकाठ:
दादा, कॅलिपरला हात लावण्याआधी एक सांगा, शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं? पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. पेडल खाली जाऊन पंप केल्यावर परत येत असेल तर ऑइल उकळून त्यात वाफ झालीये. तुमचं दुसऱ्यातलं दिसतंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ (ही ऑइलची प्रत) साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४० लाच. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. दोन वर्षांनी बदलायलाच हवं, गाडी दारात उभी असली तरी.

आणि घाट कुठल्या गिअरमध्ये उतरलात?

घाटवाट:
चौथ्यात, कधी तिसऱ्यात. ऑइल कधी बदललं ते खरंच आठवत नाही.

कृष्णाकाठ:
मग ऐका. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट हजार किलोची गाडी खाली आणायची म्हणजे दीड युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. हजार वॅटची इस्त्री दीड तास चालू ठेवा, तेवढी उष्णता. थोडी हवा खाते, थोडी टायर. उरलेली इंजिनावर टाकली नाही तर सगळी त्या दोन डिस्क आणि मागच्या ड्रमवर. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीच्या ड्रायव्हरकडून शिकलोय मी.

मेढेकर:
कृष्णाकाठ यांचं बरोबर आहे, पण प्रश्न कॅलिपरचा होता, तर त्याचंही सांगतो. मी केळघर घाटाखालचा, जुन्या गाड्यांवर बरीच वर्षं हात काळे केलेत. एकाच कंपनीचं मॉडेल आहे म्हणून बसेल असं धरू नका. व्हर्नियर घेऊन मोजा: नकलवरच्या (चाकामागचा ओतीव भाग, कॅलिपर त्यालाच बसतो) दोन बोल्टांमधलं अंतर, डिस्कचा व्यास आणि जाडी, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसणारं डिस्कचं मधलं भोक, आणि १३ इंची रिम चढवल्यावर कॅलिपर आणि रिममध्ये उरणारी फट. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये आली पाहिजे. वॉशर घालून मध्ये आणतो म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत घेऊन या.

खरी मेख पिस्टनमध्ये, म्हणजे कॅलिपरमधून पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यात आहे. समजा ४८ मिमीच्या जागी ५४ मिमीचा पिस्टन आला. आकडा थोडा वाढलेला दिसतो, पण क्षेत्रफळ सव्वापट होतं. पॅड दाबण्याचा जोर तेवढा वाढतो, पण ऑइलही तेवढं जास्त लागतं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) जुनाच राहिला तर पेडल आणखी खाली जाणार, म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटली तेच. शिवाय पुढची चाकं आधी लॉक होतात. पावसाळ्यात यवतेश्वरच्या ओल्या वळणावर पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग वळवून गाडी वळत नाही.

आणखी एक. डावं-उजवं कॅलिपर उलटं बसलं तर ब्लीडिंगचा निपल (ऑइलमधली हवा काढायचं तोंड) खाली जातो आणि हवा कितीही काढा, निघत नाही. असं एक काम मी दुसऱ्या गॅरेजमधून आलेलं उघडलंय, मालक दोन महिने मास्टर सिलिंडरला दोष देत होता.

भंगारातले कॅलिपर घ्यायचेच तर सील आणि पिस्टन नवे टाका. पण आधी आहे ते चाक खोला.

सज्जनगडवाली:
ताई म्हणून सांगते, इन्शुरन्सवाल्यांना लेखी विचारल्याशिवाय काही बदलू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते बघून घ्या. आणि मिस्त्री "एका दिवसात" म्हणतो तेव्हा ब्रेकच्या कामाला मी तरी नाही म्हणते.

घाटवाट:
मंडळी, काल चाकं खोलली. डाव्या कॅलिपरची खालची पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) गंजून जाम. आतला पॅड लोखंडापर्यंत झिजलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे तो पॅड सारखा घासत होता. टाकीतलं ऑइल चहासारखं तपकिरी. पिना नव्या, सिलिकॉन ग्रीस, रबर बूट, दोन्ही बाजूंचे पॅड, पूर्ण नवं डॉट ४, हवा काढली. मागचे ड्रम साफ करून सेट केले.

आज सकाळी कासहून यवतेश्वर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पेडल वर, कडक. आई मागे बसली होती, हँडलला हात नव्हता.

डाव्या डिस्कवर मात्र नखाला लागणारी चर आहे. डिस्क टर्निंग करू (लेथवर घासून सपाट) की नवी जोडी टाकू?

मेढेकर:
डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटर लावून बघा. टर्निंगनंतर त्याच्या खाली जाणार असेल तर नवी जोडीच, दोन्ही बाजूंना. आकडा काय येतो तो इथे लिहा.