मैमोनिदीस म्हणतो देवाला शरीर नाही, मग झोहरमध्ये हातपाय कुठून आले?

वाचनवेडा_७७
मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञानावर थोडंफार वाचतोय आणि डोकं गरगरलंय. मैमोनिदीस (मूळचा कोर्दोबाचा, पुढे कैरोजवळ फुस्तातला, मृत्यू १२०४) म्हणतो की तोरामधला (ज्यूंच्या धर्मग्रंथातला) देवाचा हात, देवाचं सिंहासन हे शब्दशः घ्यायचंच नाही, देवाला शरीर आहे असं मानणारा तर त्याच्या लेखी पाखंडीच. आणि त्याच्या ‘गाइड’ या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथानंतर शंभरेक वर्षांतच स्पेनमध्ये झोहर, म्हणजे कब्बालाचा (ज्यू गूढवादाचा) मुख्य ग्रंथ, येतो नि त्यात दहा सफिरोत, उजवा हात, डावा हात, धड, सगळंच! एकाच धर्मात हे दोन्ही चाललं कसं?

निवांत
झोहरवालेही देवाला शरीर आहे असं म्हणत नाहीत हो. त्यांचा मूळ देव म्हणजे एन सोफ, अनंत, आणि त्याच्याबद्दल ते मैमोनिदीसइतकेच गप्प. हातपाय आहेत ते सफिरोतना, म्हणजे तो ज्या रूपांनी प्रकट होतो त्यांना.

फरक आहे तो प्रतीकाकडे बघण्यात. गाइडच्या प्रस्तावनेत मैमोनिदीस नीतिसूत्रांतलं एक वचन घेतो, चांदीच्या जाळीतलं सोन्याचं सफरचंद. लांबून बघणाऱ्याला नुसती चांदी दिसते, जवळ जाऊन बारीक भोकांतून नीट बघितलं की आतलं सोनं दिसतं. चांदीही फुकट नाही, बाहेरच्या अर्थावर समाज नीट चालतो, पण सोनं एकदा कळलं की जाळी बाजूला ठेवून सरळ तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलता येतं. कब्बालात ही सोय नाही. सफिरोतपैकी हेसेद म्हणजे दया, संपलं, असं होत नाही, ती उजवा हात आहे, पाणी आहे, अब्राहाम आहे, सगळं एकदम, आणि त्यामागचं जे आहे ते दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगताच येत नाही. कब्बालाचा अभ्यासक गेर्शोम शोलेमने रूपक (मैमोनिदीसचं) आणि प्रतीक (कब्बालाचं) असा भेद केला तो हाच.

तिरकस
शोलेमची ही वाटणी जरा जास्तच स्वच्छ आहे, पोथ्यांमध्ये इतकं वेगळं काढता येत नाही. मला खरी ठिणगी यज्ञबळींवरून पडलेली दिसते. मैमोनिदीस म्हणतो लोकांना त्याच पूजेची सवय होती, एकदम बंद केली असती तर ऐकलं नसतं, म्हणून देवाने ती स्वतःकडे वळवून घेतली. कब्बाला मानणारा रब्बी नाखमनिदीस तोरातल्या लेवीय या पुस्तकावरच्या भाष्यात यावर जाम भडकलाय. कब्बालावाल्यांच्या मते मिट्झ्वा (धर्माज्ञा) पाळली की वर सफिरोतमध्ये खरोखर काहीतरी हलतं. आता तुम्ही जे जिवापाड मानता ते निव्वळ जुनी सवय म्हणून चालवून घेतलं होतं असं कोणी सांगितलं तर राग येणारच ना.

वाचनवेडा_७७
अच्छा, म्हणजे तत्त्वज्ञानावर चिडलेली मंडळी कब्बालाकडे वळली?

तिरकस
सगळी नाही. अबुलाफिया पक्का कब्बालावाला, आणि त्याने गाइडवरच भाष्यं लिहिली. पण चिडचिड होतीच. १३०५ मध्ये बार्सिलोनाच्या रश्बा नावाच्या रब्बीने बंदी घातली, २५ वर्षांखालच्यांनी ग्रीक तत्त्वज्ञान वाचायचं नाही, वैद्यकाची पुस्तकं चालतील. तक्रार अशी की काही लोक अब्राहाम आणि सारा म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानातले आकार आणि द्रव्य असं खुशाल प्रवचनांत सांगत सुटलेत. म्हणजे माणसंच गायब! आणि हा रश्बा स्वतः नाखमनिदीसचा शिष्य, कब्बाला मानणारा, तरी अबुलाफियालाही त्याने सोडलं नाही.