गरम इंजिनावर सेल्फ लागत नाही, पण बॅटरी नवी आणि दिवे प्रखर

प्रश्न

माझी कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटार सकाळी पहिल्याच चावीला सुरू होते. मात्र तासभर चालवून बंद केल्यावर लगेच सेल्फ मारला, तर ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. अर्धा तास थांबले की तीच गाडी काही न करता सुरू होते. बॅटरी नवी आहे, तिची टर्मिनल्स स्वच्छ आणि घट्ट आहेत, आणि चावी फिरवून धरली तरी हेडलाइट जराही मंद होत नाहीत. गॅरेजमध्ये स्टार्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी मल्टिमीटरने काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

हेडलाइट मंद होत नाहीत, हा तुमच्या वर्णनातला सर्वांत मोलाचा तपशील आहे. बॅटरी कमजोर असती तर दिवे विझत आले असते आणि बहुधा सलग टकटक ऐकू आली असती, कारण अशा वेळी स्टार्टरच्या मोटरने प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड (चावी फिरवताच स्टार्टरला बॅटरीशी जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढते आणि तो परत ओढला जातो. तुमच्याकडे बॅटरीत ताकद आहे, पण एकतर ती स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही स्टार्टर ती घेत नाही. हा फरक ओळखायचा असेल तर मोजमाप सेल्फ मारत असतानाच घ्यावे लागते. प्रवाह वाहत नसताना, एखाद्या तंतूवर टिकून राहिलेली केबलसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते, आणि चांगले स्टार्टर विनाकारण बदलले जातात ते याच फसवणुकीमुळे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि इग्निशन कॉइलला येणारी १२ व्होल्टची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन अचानक सुरू होणार नाही. बिघाड दिसत असतानाच, म्हणजे इंजिन गरम असताना, कोणाला तरी चावी फिरवून धरायला सांगा. बॅटरीच्या दोन खुंट्यांमधले व्होल्टेज ९.६ च्या वर राहायला हवे. त्यानंतर धन खुंटी आणि स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. शेवटी ऋण खुंटी आणि इंजिन ब्लॉकचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा, तिथे ०.२ ते ०.३ व्होल्ट ही मर्यादा धरा. प्रत्येक वेळी चावी पाच सेकंदांहून अधिक धरू नका.

उत्तर २

मला चावीकडून सॉलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरीचाही संशय आहे. जुन्या गाड्यांत इग्निशन स्विचचे संपर्क जळालेले असतात, आणि तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. एक्झॉस्टशेजारी बसवलेला सॉलेनॉइड ६० अंशांनी तापला तर त्याच्या गुंडाळीचा रोध जवळजवळ पावपट वाढतो आणि त्यामुळे ओढ घटते. या बारीक वायरीवर बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून अधिक घट आढळली तर स्विच आणि मधले कनेक्टर तपासावेत. अनेक जण अशा वेळी थेट रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवतात. तो उपयोगी आहेच, पण जळका कनेक्टर तसाच ठेवून रिले बसवणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. इंजिन गरम असताना चावी धरून घेतलेली मोजमापे अशी आहेत: बॅटरीवर १२.१ व्होल्ट, धन बाजूला ०.२, सॉलेनॉइडच्या बारीक वायरीवर बॅटरीपेक्षा ०.६ कमी, आणि ऋण खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत तब्बल ४.८ व्होल्ट. ऋण खुंटीपासून बॉडीपर्यंत मात्र ०.१ च आहे. त्याच वेळी क्लच केबलला हात लागला, तर ती चांगलीच गरम होती आणि तिचे प्लास्टिकचे आवरण एका ठिकाणी मऊ पडले होते.

उत्तर १

मग स्टार्टरला सध्या हात लावू नका. बॅटरीपासून बॉडीपर्यंत अर्थ (ऋण खुंटीकडे परतीच्या प्रवाहाची जोडणी) चांगली आहे, म्हणूनच दिवे प्रखर राहतात. बॉडीपासून इंजिनापर्यंतची मात्र जवळजवळ तुटलेली आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे स्टार्टरचा सारा परतीचा प्रवाह विणलेल्या अर्थ पट्टीतूनच जायला हवा. तो मार्ग अडला की प्रवाह क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल अशा मिळेल त्या धातूतून वाट काढतो आणि त्या तापतात. तुमची केबल त्यामुळेच मऊ पडली आहे, तेव्हा ती आतून शाबूत आहे ना, हेही पाहून घ्या.

खात्रीसाठी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, फिरत्या पट्ट्यांपासून दूर, लावून सेल्फ मारा. इंजिन जोरात फिरले तर निदान पक्के झाले. पट्टी बहुतेक गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत गेलेली असते. वरून ती धड दिसली तरी टोकाच्या लगमध्ये (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोपणात), जिथे तारा दाबून बसवलेल्या असतात, तिथे हिरवी भुकटी साचलेली असते आणि तंतू मुळाशीच गळून पडलेले असतात. पट्टी काढण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवा. नवी पट्टी आधीच्याच जाडीची किंवा अधिक जाड घ्या, बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा, आणि घट्ट बसवल्यावर वरून ग्रीस लावा. त्यानंतर गरम इंजिनावर तेच मोजमाप पुन्हा घ्या. घट ०.३ च्या आत आली आणि तरीही नुसता ‘टक्’ आवाजच आला, तर सॉलेनॉइडचे आतले तांब्याचे संपर्क आणि स्टार्टरचे ब्रश उघडून पाहणे योग्य ठरेल.