मिनेसोटा फ्रॉस्ट: साखळीत चौथा, तरी दोनदा विजेता. हे जमलं कसं?

फोंडेकार
अमेरिका-कॅनडातली बायकांच्या आइस हॉकीची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ला सुरू झाली. २०२४ आणि २०२५, दोन्ही हंगामांत मिनेसोटा साखळीत चौथा होता आणि दोन्ही वेळा विजेतेपदाचा वॉल्टर करंडक त्यांनीच उचलला. गोव्यात पेडेंच्या टर्फवरची हॉकी बघणाऱ्याला तीन गोष्टी उलगडत नाहीत. शून्यातून संघ उभा केला कसा? सगळे संघ एकाच मालकाचे असताना पगार कोण ठरवतं? आणि टोरांटोने म्हणे प्रतिस्पर्धी ‘निवडला’, तो काय प्रकार? नुसते निकाल नकोत, कारणं सांगा.

निळी_रेषा
संघउभारणीपासून सुरुवात करते. सप्टेंबर २०२३च्या पहिल्या दहा दिवसांत प्रत्येक संघाला फक्त तीन खेळाडू थेट करारबद्ध करता येत होत्या. मिनेसोटाने केंडल कॉइन स्कोफील्ड, ली स्टेकलाइन आणि केली पॅनेक यांना घेतलं: एक वेगवान फॉरवर्ड, एक डिफेन्डर, एक सेंटर. मैदानाचा कणा तिथेच तयार झाला.

मग १८ सप्टेंबरला टोरांटोत १५ फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. ६ संघ, ९० निवडी. क्रम सापासारखा वळणारा, म्हणजे पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा. मिनेसोटाला पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी टेलर हाइस घेतली. मधल्या दहा निवडींत त्यांना हात बांधून बसावं लागलं, पण नंतर १२वी आणि १३वी अशा लागोपाठ दोन निवडी आल्या. त्यात गोलकीपर निकोल हेन्सली आणि फॉरवर्ड ग्रेस झुमविंकल. झुमविंकलने ६ जानेवारी २०२४च्या पहिल्याच घरच्या सामन्यात लीगमधली पहिली हॅटट्रिक केली, तीही १३,३१६ प्रेक्षकांसमोर.

यातल्या बऱ्याच जणी मिनेसोटाच्याच आहेत किंवा तिथल्या विद्यापीठात खेळलेल्या. नव्या संघाला सवय जुळायला वेळ लागतो, इथे ओळख आधीचीच होती. शिवाय त्या राज्यात जमीन तयार होती. मिनेसोटा व्हाइटकॅप्स हा संघ २००४पासून होता, २०११ ते २०१८ कुठल्याही लीगशिवाय तग धरून राहिला आणि २०१८-१९मध्ये एनडब्ल्यूएचएलमध्ये (अमेरिकेतली आधीची बायकांची लीग) शिरल्या शिरल्या तिचा इसोबेल करंडक जिंकला.

हिशेबनीस_म्हापसा
पगाराचं उत्तर एका ओळीत: मालक एकच, म्हणून पगाराची चौकट खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात आधीच बांधलेली. हा करार लीगचा पहिला सामना होण्याआधी झाला आणि २०३१पर्यंत चालणार आहे. पहिल्या हंगामासाठी किमान पगार ३५,००० डॉलर, तोही एका संघात जास्तीत जास्त नऊ जणींना. किमान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त, तीन वर्षांच्या करारावर. संघाची सरासरी ५५,००० यायला हवी. २३ जणींच्या संघाला गुणा: १२ लाख ६५ हजार डॉलर. म्हणजे चार तारका घेऊन उरलेल्या जागा कशाबशा भरायची सोयच नाही. मधली फळी मजबूत ठेवणारा व्यवस्थापक इथे पुढे जातो.

हे एवढं घट्ट का बांधलं, ते मागच्या लीगकडे बघितलं की कळतं. २०१५ला एनडब्ल्यूएचएल चार संघांनी सुरू झाली. संघाची मर्यादा २,७०,००० डॉलर, किमान पगार १०,०००. दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबर २०१६ला, पैसा पुरेना म्हणून हंगाम चालू असतानाच पगार कापले. कॅनडातल्या सीडब्ल्यूएचएलने तर २००७पासून दहा वर्षं पगारच दिला नाही. २०१७-१८ला २,००० ते १०,००० डॉलर मानधन सुरू केलं आणि १ मे २०१९ला दुकान बंद. या खेळाडूंना पाठीशी लेखी कागद हवा होता, तो त्यांनी मिळवला. आपल्याकडच्या फुटबॉल क्लबांनी निदान एवढं तरी शिकावं, पण तो वेगळा धागा.

पॉवरप्ले
निवडीचा नियम सरळ आहे. साखळीत पहिला आलेला संघ उपांत्य फेरीसाठी तिसऱ्या आणि चौथ्या संघापैकी कोणाशी खेळायचं ते ठरवतो. २०२४ला टोरांटो ४७ गुणांवर पहिला होता, बोस्टन आणि मिनेसोटा दोघांचे ३५. मिनेसोटा शेवटचे पाचही सामने हरून आला होता. शेवटच्या दिवशी टोरांटोने ओटावाला ५-२ हरवलं, म्हणून मिनेसोटाला पहिल्या चारांत जागा मिळाली! टोरांटोने त्यांनाच निवडलं. कागदावर निर्णय चूक म्हणता येणार नाही. पहिले दोन सामने ४-० आणि २-० जिंकलेही. पण तिसऱ्या सामन्यात त्यांची मुख्य गोल करणारी नॅटली स्पूनर जखमी झाली, टोरांटोचे गोल आटले आणि मिनेसोटाने मालिका ३-२ फिरवली.

निळी_रेषा यांनी गोलकीपरचा मुद्दा ओझरता सोडला, माझ्या मते तोच खरा. हेन्सली आणि मॅडी रूनी, दोघीही राष्ट्रीय संघाच्या दर्जाच्या. पहिल्या हंगामात साखळीत २४ सामने आणि लगेच पाच-पाच सामन्यांच्या मालिका, त्यात एकाच गोलकीपरवर भार टाकणारा संघ मे महिन्यात थकतो. अंतिम फेरीचा पाचवा सामना हेन्सलीने बोस्टनला एकही गोल न देता ३-० काढून दिला.

गुणांकडेही बघा. ६० मिनिटांत जिंकलात तर ३, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर २, तिथे हरलात तर १. त्यामुळे तळाचं अंतर फार वाढत नाही आणि चौथा संघ दिसतो तेवढा दुबळा नसतो. २०२५ला ओटावा, मिनेसोटा, बोस्टन तिघांचे ४४ गुण होते, बोस्टन बाहेर गेला. त्या वर्षी पहिल्या आलेल्या मॉन्ट्रियलने ओटावाला निवडलं आणि तेही हरले.

टर्फवाल्यांना अडणारा आणखी एक नियम: दोन मिनिटांची शिक्षा चालू असताना कमी खेळाडूंच्या संघाने गोल केला तर शिक्षा तिथेच संपते. त्यामुळे पॉवरप्लेवर, म्हणजे समोर एक खेळाडू कमी असताना, निवांत पास फिरवत बसणं महागात पडतं.

फोंडेकार
देव बरें करूं तिघांचंही. २०२५ला दोन नवे संघ आले, तर ही फळी टिकली का? आणि सामने इथून कधी बघायचे?

निळी_रेषा
पूर्ण नाही. २०२५ला व्हँकुव्हर आणि सिएटल आले तेव्हा जुन्या सहाही संघांच्या प्रत्येकी चार खेळाडू गेल्या. संघाला आधी तिघींनाच राखता येत होतं, दोन गेल्यावर आणखी एक. मिनेसोटाच्या सोफी जॅक्स आणि क्लेअर थॉम्पसन या दोन डिफेन्डर व्हँकुव्हरला गेल्या, आणि घाव तिथेच बसला, कारण दोघी मागून हल्ला रचायच्या.

वेळ: मिनेसोटात संध्याकाळी ६ला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे ५:३०ला लागतो, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या सुमारास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे सरकतात, मग ४:३०. लीगच्या यूट्यूब वाहिनीवर बघा.