हर्णैच्या घरचा टीव्ही : दिवसाचं आणि रात्रीचं चित्र एका बटणावर

हर्णैकर (लीड्स)

नमस्कार मंडळी,

हर्णैच्या घरी ओटीलगतच्या खोलीत ४३ इंची एलजी टीव्ही आहे. ओटीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे चारनंतर ऊन थेट आत येतं. तेव्हा काही दिसावं म्हणून चित्र कायम 'व्हिव्हिड'वर ठेवलंय आणि रात्री दिवे मालवले की तेच डोळ्यांत घुसतं. आईबाबांना मेनूत शिरायला लावायचं नाही. शिकाऊ युनिव्हर्सल रिमोटवर (दुसऱ्या रिमोटची बटणं शिकून घेणाऱ्या) 'दिवस' आणि 'रात्र' अशी दोन बटणं हवीत. डीटीएचचा बॉक्स एचडीएमआय १ वर, फायर स्टिक एचडीएमआय २ वर.

इथे नमुन्याच्या टीव्हीवर केलेला मॅक्रो (एका बटणावर बसवलेली अनेक दाबांची मालिका) असा: सेटिंग्ज, चित्र, बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड), मग उजवा बाण ५० वेळा. चारदा चालतो, पाचव्यांदा भलतीकडेच जातो. एकदा तर भाषा बदलली! चूक कुठे आहे? आणि गणपतीला जाणाऱ्यांबरोबर इथून काय पाठवावं?

रत्नागिरीकर

हर्णैकर,

मॅक्रो आंधळा असतो. पडद्यावर काय आहे ते रिमोटला दिसत नाही, तो फक्त पाढे म्हणतो. मेनू मागच्या वेळी जिथे सोडला तिथेच पुष्कळदा पुन्हा उघडतो, म्हणजे तुमचं पहिलं पाऊलच दरवेळी वेगळ्या ओळीवर पडतं. त्यात ५० वेळा बाण. एका दाबाला पाव ते तीन दशांश सेकंद धरा, म्हणजे साडेबारा ते १५ सेकंद झाले. तेवढ्यात मध्ये कोणी उभं राहिलं आणि दोन दाब चुकले तर बॅकलाइट ५० ऐवजी ४८. उद्या ४५. चूक साठत जाते.

म्हणून रिमोटकडून पट्ट्या सरकवून घेऊच नका. आकडे टीव्हीत एकदाच हाताने भरून ठेवा आणि रिमोटला फक्त मोड निवडू द्या. एलजीत 'एक्स्पर्ट (ब्राइट रूम)' आणि 'एक्स्पर्ट (डार्क रूम)' असे दोन मोड असतात, ते जणू याच कामासाठी दिलेत. सुरुवातीला हे आकडे भरा:

दिवस: बॅकलाइट ९०, कॉन्ट्रास्ट ८५, ब्राइटनेस ५०, रंग ५०, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा किती उजळ ते ठरवणारा आकडा) २.२.
रात्र: बॅकलाइट ३० ते ४०, बाकी तेच, गॅमा २.४ किंवा बीटी १८८६.

दोन्हीकडे रंगछटा 'वॉर्म'. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी परत 'कूल' करेल. 'ब्राइटनेस' या नावाला फसू नका. एलजी आणि सॅमसंगच्या जुन्या संचांत ती काळ्याची पातळी असते. उजेड बॅकलाइटने वाढतो. सोनीत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच उजेड, आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळी. ही गल्लत झाली की दिवसाच्या मोडमध्ये काळे केस राखाडी दिसतात.

'एनर्जी सेव्हिंग' बंद करा. ते 'ऑटो'वर राहिलं की खोलीतला उजेड बघून टीव्ही स्वतःच बॅकलाइट खालीवर करतो आणि तुमच्या दोन मोडांत फरकच उरत नाही. आणखी एक: हे आकडे प्रत्येक इनपुटला वेगळे साठवले जातात. एकतर 'सर्व इनपुटना लागू करा' दाबा, नाहीतर एचडीएमआय १ आणि २ दोन्हींवर भरा.

आता मोड गाठायचा कसा? चित्र मोडचं बटण दाबत राहिलं की मोड फिरत राहतो, आणि बऱ्याच संचांत पहिला दाब फक्त आत्ता काय लागलंय ते दाखवतो. सुरुवात कुठून झाली ते माहीत नसल्यामुळे मॅक्रोला ते निरुपयोगी. त्याऐवजी मोडांची यादी उघडा आणि तळ गाठा. डार्क रूम बहुधा सर्वांत खाली असतो, ब्राइट रूम त्याच्या एक वर. मॅक्रो असा:

एक्झिट दोनदा, मध्ये अर्धा सेकंद.
सेटिंग्ज, मग २ सेकंद थांबा.
यादी उघडेपर्यंतचे बाण, प्रत्येकानंतर ०.४ सेकंद.
खाली १२ वेळा, ०.३ सेकंदाच्या अंतराने.
'दिवसा'साठी वर १ वेळ. 'रात्री'साठी हे पाऊल गाळा.
ओके. एक्झिट दोनदा.

यादीत आठनऊ मोड असले तरी १२ दाब मुद्दाम जास्त ठेवलेत. तळाला पोहोचल्यावरचे दाब वाया गेले तरी बिघडत नाही, आणि सुरुवात कुठूनही असो, शेवट तिथेच होतो. ही युक्ती यादी तळाशी थांबत असेल तरच चालते. शेवटच्यावरून पुन्हा पहिल्यावर उडी मारत असेल तर नाही. ते आधी हाताने बघून घ्या. तिसऱ्या ओळीतल्या बाणांनाही हाच न्याय: आधी वरचं टोक, मग मोजून खाली. भाषा बदलली ती हे न केल्यामुळे.

शिकवताना दोन्ही रिमोट समोरासमोर, तोंडात ३ ते ५ सेंटीमीटर अंतर, ताजे सेल, आणि बटण *टिचकीसारखं* दाबा. रेंगाळलात तर पुनरावृत्तीचे संदेशही त्यात शिकले जातात आणि पुढे एका दाबाला बाण दोन घरं पुढे जातो. वर सीएफएल दिवा असेल तर मालवा, त्याच्या चोकची लुकलुक रिमोटच्या संदेशाच्या ३८ किलोहर्ट्झ लुकलुकीच्या आसपास फिरते. एलजीचा मॅजिक रिमोट शिकवायला घेऊ नका. त्याची बहुतेक बटणं रेडिओवर चालतात, इन्फ्रारेड बाहेरच पडत नाही. साधा इन्फ्रारेड रिमोट दापोलीत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात दोनतीनशे रुपयांत मिळेल. फायर स्टिकचा रिमोट ब्लूटूथचा, तोही यातून बाहेर.

लीड्सहून काही पाठवायचंच असेल तर ब्लास्टर (वायफायवरून हुकूम घेऊन रिमोटसारखे इन्फ्रारेड संदेश सोडणारी डबी) पाठवा. लॉजिटेकच्या हार्मनी या युनिव्हर्सल रिमोटच्या मागे लागू नका. कंपनीने २०२१ च्या एप्रिलमध्ये उत्पादन बंद केलं आणि जुन्यांची जुळणी तिच्याच सर्व्हरवर अवलंबून आहे.

वेंगुर्लेकर (टोरांटो)

रत्नागिरीकरांशी सहमत, पण चालू-बंदसाठी शिकवण्यापेक्षा थेट कोड भरलेले बरे. टीव्हीच्या रिमोटवर एकच लाल बटण असतं, ते चालूला बंद आणि बंदला चालू करतं. मॅक्रोत ते घातलं की अर्ध्या वेळा उलटंच होणार. एलजीत 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड आहेत, रिमोटवर त्यांची बटणं नाहीत एवढंच.

एलजीच्या जुन्या पुस्तिकांत चालूसाठी सी४ आणि बंदसाठी सी५ छापलेलं असतं. इंटरनेटवर मात्र तेच २०डीएफ२३डीसी आणि २०डीएफए३५सी असं दिसतं. लोक गोंधळतात, पण दोन्ही एकच. एनईसी पद्धतीत (एलजीचे रिमोट ज्या रीतीने संदेश पाठवतात ती) प्रत्येक बाइटचा, म्हणजे आठ बिटांच्या गटाचा, शेवटचा बिट आधी जातो. सी४ हा सोळाच्या पायाचा (हेक्स) आकडा, म्हणजे शून्य-एकांत ११०००१००. तो उलटा वाचा: ००१०००११, म्हणजे २३. त्याच्या शेजारी शून्यांचे एक आणि एकांची शून्यं केलेला त्याचाच जोडीदार डीसी, पडताळणीसाठी. टीव्हीचा पत्ता ०४, उलटा वाचला की २०, जोडीदार डीएफ. झाले चार बाइट. याच हिशोबाने एचडीएमआय १ चा सीई होतो २०डीएफ७३८सी, आणि एचडीएमआय २ चा सीसी होतो २०डीएफ३३सीसी. सीसी उलटा वाचला काय किंवा त्यातली शून्य-एक बदलली काय, ३३च होतो, चुकलं म्हणून पुन्हा तपासत बसू नका.

ब्लास्टर विकत न घेता करायचा असेल तर: ईएसपी८२६६ चा नोडएमसीयू बोर्ड, ९४० नॅनोमीटरची इन्फ्रारेड एलईडी, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, ३३ ओहम आणि ४७० ओहमचा प्रत्येकी एक रोध. ५ व्होल्टवरून ३३ ओहममधून एलईडीत, तिथून कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. बेसला डी२ पिन ४७० ओहममधून. एलईडीवर साधारण १.३५ व्होल्ट आणि ट्रान्झिस्टरवर ०.२ पडतात, उरलेल्या ३.४५ ला ३३ ने भागलं की १०५ मिलिअँपिअरच्या आसपास, आणि तेही तुटक तुटक, त्यामुळे पाव वॅटचा रोध पुरतो. डी३, डी४, डी८ पिना टाळा. बोर्ड सुरू होताना त्यांवरची पातळी पाहतो आणि चुकीची असली की उठतच नाही. वर टास्मोटा या फुकट सॉफ्टवेअरची इन्फ्रारेडवाली आवृत्ती. एलईडी पेटते की नाही ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतं.

सोनी असलेल्यांसाठी एक वाक्य: तिथे वहनलहर (ज्या लुकलुकीवर संदेश स्वार होतो ती) ४० किलोहर्ट्झ, आणि एकच कोड किमान तीनदा पाठवावा लागतो. एकदाच पाठवला तर टीव्ही ढिम्म.

हर्णैकर

तळ गाठायची युक्ती चालली, वीस पैकी वीस वेळा. दोन गोष्टी अडल्यात. एक, फायर स्टिकवर काही सिनेमांना 'रात्र' दाबलं की वेगळाच मोड लागतो. दोन, बटण न दाबता सूर्यास्ताला आपोआप 'रात्र' व्हावं असं ब्लास्टरवर लावलं, तर काही दिवशी काहीच घडत नाही.

रत्नागिरीकर

पहिलं: ते सिनेमे एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनमध्ये (उजेड-अंधाराची जास्त व्याप्ती असलेल्या चित्रप्रकारांत) येतायत. तसा संदेश आला की टीव्ही मोडांची यादीच बदलतो. डॉल्बी व्हिजनमध्ये 'सिनेमा होम', 'सिनेमा' वगैरे वेगळीच नावं, संख्याही कमी. तळ गाठलात तरी तो वेगळ्या विहिरीचा तळ. ४३ इंची संचावर दिवसाउजेडी एचडीआरचा फार फायदा नाही. फायर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'डायनॅमिक रेंज'खाली एचडीआर बंद करा आणि विषय संपवा. दर्दी मंडळी नाक मुरडतील, मुरडोत.

दुसरं: सूर्यास्ताला टीव्ही बंद असेल तर ब्लास्टर हवेत बोलतो. नंतर टीव्ही लावला की तो दिवसाच्याच मोडमध्ये उठतो. आणि घड्याळाची ठरावीक वेळ लावली असेल तर तीही चुकणार: हर्णैला नोव्हेंबरअखेर सूर्य ६ च्या सुमारास बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. सूर्यास्तावर चालणारं वेळापत्रकच लावा, आणि सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी; खिडकीतला संधिप्रकाश तोवर टिकतो.

टीव्ही चालू आहे का हे ब्लास्टरला कळायला हवं असेल तर वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावा. बंद असताना टीव्ही १ वॅटहून कमी खातो, चालू असताना ४०च्या वर. २० वर रेघ मारा. २० ओलांडली की २५ सेकंद थांबून वेळेनुसार दिवस किंवा रात्र पाठवा. २५ सेकंद कारण एवढा वेळ वेबओएस (एलजी टीव्हीची प्रणाली) उठल्यावर मेनूच्या बाणांना नीट जुमानत नाही. पण आईबाबा नेमके तेव्हाच चॅनेल बदलत असले की मॅक्रो त्यांच्या दाबांत मिसळतो. म्हणून माझं मत विचाराल तर हे आपोआपचं काढा, दोन बटणंच ठेवा. लाल आणि निळं, वर चिकटपट्टीखाली सूर्य आणि चंद्र काढून.

ब्लास्टरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिलीय का? टीव्ही झोपला की ते पोर्टही झोपतं. वेगळा अडॅप्टर द्या, आणि राउटर ज्या इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे तिथेच. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर वेगळ्या नावाने काढा. हे ब्लास्टर ५ वर बोलतच नाहीत.

देवगडची ताई

सगळं छान रे, पण किनाऱ्यावरच्या घरात रिमोट मरतो तो मॅक्रोने नाही, खाऱ्या हवेने. स्प्रिंगवर हिरवट थर दिसला तर ती तांब्याची गंजणी; पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती अल्कलाइन सेलची गळती. दोन्हींना लिंबाचा रस किंवा साधं व्हिनेगर कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग उन्हात अर्धा तास. कोकमाचं आगळ लावू नका, आंबट असलं तरी त्यात मीठ असतं. गंज लवकर परत येतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत वापरात नसलेल्या रिमोटमधले सेल काढून ठेवा. युनिव्हर्सल रिमोट घेताना आधी दुकानात तपासा: सेल काढल्यावर शिकवलेलं टिकतं की पुसतं. पुसणारा असला तर घेऊच नका.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल कोणी बोललं नाही. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. थेट तिरीप टीव्हीच्या डोळ्यावर (रिमोटचा संदेश टिपणाऱ्या भागावर) पडली की तो दिपतो आणि रिमोट हातभर अंतरावरूनच चालतो. तुमचं 'दिवस' बटण नेमकं तेव्हाच लागणार आहे! ब्लास्टरच्या एलईडीला वायर जोडून ती टीव्हीच्या डोळ्यासमोर दोन बोटांच्या अंतरावर चिकटवा आणि वर काळ्या पुठ्ठ्याची छोटी पडवी काढा, पत्त्याच्या पानाच्या अर्ध्याएवढी. घरच्या साध्या रिमोटसाठी खालून फट सोडा.

वळवाच्या दिवसांत टीव्हीचा प्लग काढलात तर डीटीएचची वायरही काढा. वीज बऱ्याचदा छपरावरच्या तबकडीतून येते आणि एचडीएमआयमधून टीव्हीत शिरते. परत लावल्यावर टीव्ही झोपलेला असेल की जागा, सांगता येत नाही. तिथे वेंगुर्लेकरांचा सी४ कामाला येतो.